माहेरचं लाकूड

आमच्या सासऱ्यांना लाकडातलं कळतं असं गावात सगळे म्हणायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने ते स्वतः म्हणायचे. पेणच्या वखारीत ते शिरले की वखारवाला त्यांच्यासाठी चहा मागवायचा नाही, कारण हा माणूस काही घेऊन जाणार नाही हे त्याला ठाऊक असायचं. ते प्रत्येक नगाला बोटाच्या पेराने ठोकायचे, नाकाशी धरायचे, नखाने खरवडायचे आणि मग नावं ठेवायचे. साग महाग. ऐन जड, पण पोटात किडका. जांभूळ विहिरीला बरं, बाकी कशाला नाही. मला बघायला आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. चालून दाखव म्हणाले, हात पुढे कर म्हणाले, आणि माझ्या वडिलांच्या तोंडावर म्हणाले की पोरगी बारीक आहे, पण चिवट दिसते. बाबा हसले. त्या हसण्याचा मला राग आला होता, तो अजून आहे.

मी रोह्याजवळच्या वरसे गावची. बाबा घरचं भात आणि त्यानंतरचे कडवे वाल सांभाळून रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट करायचे. दिलं मला पेण तालुक्यात, खाडीकाठच्या गावात. तिथे अंगणात उभं राहिलं की समोर बांध, बांधापलीकडे भरतीचं पाणी शिरणारं खाजण, आणि वाऱ्याला कायम मिठाचा वास. त्या मातीत लाकूड टिकत नाही. खांब वरून ठणठणीत दिसतो, पण जमिनीलगत, जिथे ओल आणि वारा दोन्ही लागतात, तिथे आतून त्याचा भुसा होतो. उरलेलं वाळवी खाते. माझ्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत आमच्या गोठ्याचा मधला खांब बुडाशी मोडला आणि छप्पर म्हशीच्या पाठीवर येऊन टेकलं. म्हशीला काही झालं नाही. सासूबाई म्हणाल्या, सून आली आणि खांब गेला.

या गोठ्यापायी पुढे माझा संसार मोडायची वेळ आली, म्हणून तो नवा कसा बांधला गेला ते नीट सांगते.

सासऱ्यांना गोठ्यासाठी असं लाकूड हवं होतं, की जे त्यांच्या खाऱ्या मातीत त्यांच्यानंतरही उभं राहील. हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. बाबांच्या कंपनीत पाणी थंड करायचा एक मोठा लाकडी मनोरा होता. तो काढून तिथे सिमेंटचा बांधला, आणि जुनं लाकूड भंगारवाल्याने उचललं. हे माझ्याच तोंडून घरात निघालं. वर्षानुवर्षं ते लाकूड पाण्यात भिजत उभं होतं आणि तरी कुजलं नव्हतं, हे ऐकल्यावर सासरे जेवता जेवता थांबले. दुसऱ्या दिवशी बाबांना निरोप गेला. मागणी म्हणून काही नव्हती. व्याह्यांनी मुलीसाठी एवढं करावं, असं नुसतं सुचवलं होतं. सुचवण्यात आमचं सासर फार हुशार.

मी तेव्हा माहेरी आले होते, त्यामुळे भंगारवाल्याच्या आवारात मीही होते. सासरे आले, नवरा आला, बरोबर एक टेम्पो. लाकूड एका बाजूला रचलेलं होतं, करडं आणि त्यात हिरवट झाक असलेलं. सासऱ्यांनी पहिल्याच तुकड्याला ठोकलं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. त्यांना ते लाकूड ओळखीचं नव्हतं. न ओळखता येणारं लाकूड समोर असणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने अपमानच.

बाबांनी मग निवडायला सुरुवात केली. त्यांनी कंपनीत नीट विचारून घेतलं होतं. या लाकडाला औषध नुसतं वरून फासलेलं नसतं, बंद टाकीत घालून दाबाने आतपर्यंत घुसवलेलं असतं. म्हणून प्रत्येक नगाचं कापलेलं टोक बघायचं. हिरवेपणा पार आतपर्यंत गेला असेल तो खांबाला घ्यायचा. नुसत्या कडेला हिरवी रेघ आणि मधे पांढरं असेल तो वाशाला चालेल, जमिनीत नाही. कंपनीतून आलेलं टोक जमिनीत जाऊ द्यायचं, आपण कापलेलं वर ठेवायचं. कापावं लागलंच तर त्या टोकाला डांबर पाजायचं. खिळे जस्त चढवलेले वापरायचे, साधे गंजून जातील. बाबा हे सगळं हळू आवाजात, चूक होऊ नये म्हणून आठवून आठवून सांगत होते. सासरे आभाळाकडे बघत होते.

टेम्पो भरला, इंजिन सुरू झालं. नवरा मालावर चढून दोर बांधत होता. तेव्हा बाबा सासऱ्यांजवळ गेले आणि हात जोडल्यासारखे करून म्हणाले, "एक तेवढं ध्यानात ठेवा. तुकडे उरतील ते चुलीत घालू नका. त्या औषधात विष असतंय. धूर वाईट, राख त्याहून वाईट. खड्डा करून पुरून टाका."

सासरे म्हणाले, "कापायचं नाय, जाळायचं नाय, मग काय देव्हाऱ्यात ठेवू?"

बाबा पुन्हा हसले.

परत येताना मी आणि सासरे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो, नवरा मागे मालावर. वाटेत खांब नावाच्या गावात चहाला गाडी थांबली. सासऱ्यांनी ड्रायव्हरला आपला शोध ऐकवला. व्याही असा चिक्कू, की लाकूड दिलं पण तुकडे जाळू नका म्हणतो. म्हणजे पुढच्या खेपेला येऊन तुकडे परत मागायला मोकळा. ड्रायव्हर खो खो हसला. मी बशीतला चहा संपवला. सून म्हणून मला तेव्हा एवढंच करता येत होतं.

गोठा उभा राहिला, आणि चांगला उभा राहिला. खांब बाबांनी वेगळे काढून दिले होते तेच लागले. सासऱ्यांनी मात्र प्रत्येक खांब स्वतः ठोकून पास केला, आणि जो भेटेल त्याला सांगितलं की भंगारात जाऊन माल कसा पारखायचा ते डोळ्यांतच असावं लागतं. सुतार गेल्यावर मागे तुकड्यांचा ढीग उरला. मी म्हटलं, खड्डा करायला हवा. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, दोन तुकडे उचलले आणि न्हाणीतल्या चुलीत सारले.

"माहेरचं लाकूड जळलं म्हणून पोटात दुखतंय काय गो?"

त्यानंतर न्हाणीत दुसरं सरपण गेलं नाही. आमच्याकडे सरपणाला तोटा नव्हता. रचून ठेवलेलं लाकूड होतं, माडाच्या झावळ्या होत्या, गोवऱ्या होत्या. पण व्याह्याने जाळू नका म्हटलं होतं, आणि मुलाच्या बापाने मुलीच्या बापाचं ऐकायचं म्हणजे काय. मनात आणलं असतं तर ते तुकडे एका दुपारी पुरून झाले असते. त्याऐवजी सासरे रोज अंघोळीला बसले की आतून ओरडून सांगायचे, पाणी कसं झकास तापलंय, व्याह्यांना कळवा. घरातले हसायचे. नवराही हसायचा. मला वाटायचं, त्याला बिचाऱ्याला यातलं मूळ काही माहीत नाही, बाप हसतो म्हणून हसतो.

मी एकच गोष्ट केली. आमच्याकडे भांडी राखेने घासायची पद्धत होती. न्हाणीतली राख मी भांड्यांना लावली नाही. मातीने आणि नारळाच्या शेंडीने घासली. सासूबाई म्हणाल्या, कंपनीवाल्याच्या लेकीला राखेची घाण येते. मी म्हटलं, हो, येते.

राख जायची कुठे, तर गोठ्याच्या पाठीमागे. वालाच्या बियाण्याला ती लागते आणि माडाच्या आळ्यातही घालतात, म्हणून तिथे पत्र्याखाली तिचा ढीग साठवायची जुनी वहिवाट. आणि खाडीकाठच्या गुरांना खारटाचं वेड. भिंतीला मिठाची पांढरी पुटं चढतात ती जिभेने साफ करतात. त्या राखेला खारटसर चव असणार. आम्हा कुणाला ते माहीत नव्हतं, म्हशीला कळलं.

म्हैस आधी दुधाला आटली. मग तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, पोट वाहायला लागलं, मागचे पाय टेकेनात. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. सासऱ्यांनी भगताला आणलं. त्याने गोठ्याच्या चारी खांबांना लिंबं बांधली आणि जाताना माझ्याकडे रोखून पाहिलं. लिंबं सुकायच्या आत म्हैस गेली. तिच्यापाठोपाठ जोडीतला डावा बैल बसला. तोंडावर नांगरणी आली होती. बैल बसला तेव्हा सासरे त्याच्या गळ्यात हात घालून रडले. मी त्यांना रडताना पाहिलं आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही. बैलाचं वाटलं. तो रात्रंदिवस कण्हत होता, आणि त्याच्या जिभेवर करडा थर होता.

पेणहून गुरांचा डॉक्टर आला तोवर बैलही गेला होता. डॉक्टरने पाहणी केली आणि सांगितलं, की यात रोगबीग काही नाही, पोटात विष गेलं आहे. मग त्याने सरळ मनाने विचारलं, की गुरांना वैरण कोण घालतं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वैरण मी घालत होते.

मी डॉक्टरला म्हटलं की वैरण नाही, राख. त्यांनी राख चाटली आहे. मागे ढीग आहे तो बघा. डॉक्टर उठलाही होता. पण सासरे मधे पडले. चुलीतली राख गुरांना कधी बाधते काय, आमचे आजे राखेने दात घासायचे, असं म्हणून त्यांनी डॉक्टरच्या हातावर पाणी घातलं. डॉक्टरला दुसऱ्या गावी जायचं होतं. त्याने हात पुसले आणि गेला. खरं बोलायला आलेला माणूस विष एवढाच शब्द आमच्या घरात ठेवून गेला.

मग ओट्यावर माझी तपासणी सुरू झाली. सासरे, सासूबाई, चुलत सासरे, शेजारच्या दोघीतिघी. नवरा खांबाला टेकून.

"राखंत विष हाय ते तुला कसं ठावं?" सासऱ्यांनी विचारलं.

बाबांनी सांगितलं होतं, मी म्हटलं.

"कुणाला?"

तुम्हाला.

सासरे हसले. बाकीच्यांकडे वळून म्हणाले, की त्यांना असं कुणी काही सांगितलं असतं तर ते आपल्या हाताने आपली जनावरं मारतील का. सगळ्यांना पटलं. मलाही क्षणभर पटलं, इतक्या सरळपणे ते बोलले. ड्रायव्हर कुठला कोण, त्याला आता कोण शोधणार होतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. सासऱ्यांनीही पाहिलं आणि विचारलं, तू होतास ना तिथं, तू काय ऐकलंस? नवरा म्हणाला की तो मालावर दोर बांधत होता, त्याला ठाऊक नाही.

मग सासूबाईंना भांडी आठवली. त्यांचा चेहरा अगदी उजळला. म्हणूनच ही राखेने भांडी घासत नव्हती, त्या म्हणाल्या, हिला सगळं ठावं होतं. शेजारणी चुकचुकल्या. मी ज्या एका गोष्टीत त्यांचं ऐकलं नव्हतं, तीच माझ्या गळ्यात फासासारखी पडली. त्या भांड्यांतून जेवून ते सगळे धडधाकट बसले होते, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं नाही तेही बरंच. नाहीतर मी त्यांना जगवल्याचाही जाब द्यावा लागला असता.

निकाल सोपा होता. एकतर मी विष घातलं, नाहीतर माझ्या बापाने विषारी लाकूड माहीत असून गळ्यात मारलं. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मी माहेरी जायचं. परत आणायचं की नाही ते नंतर बघू.

नवरा मला पोहोचवायला निघाला. पेणहून आम्ही रोह्याच्या पॅसेंजरमध्ये बसलो. डब्यात गर्दी नव्हती. नागोठणं गेलं तरी तो खिडकीबाहेर बघत होता. निडीला गाडी क्रॉसिंगला थांबली आणि सगळं शांत झालं, तेव्हा मी त्याला विचारलं, की खरं सांगा, बाबा बोलले ते तुम्ही ऐकलं होतं का.

"इंजिन चालू होतं गो," तो म्हणाला. "मला कायपण ऐकू आलं नाय."

त्याचे डोळे भरले होते. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. ठेवायलाच हवा होता. सासरा खोटारडा निघाला तर चालतं, अशी घरं पुष्कळ आहेत. नवऱ्याने मला जाणूनबुजून बुडू दिलं असं धरलं असतं, तर परत जायला काही उरलंच नसतं. इंजिन चालू होतं हे खरंच होतं. त्या इंजिनावर मी पुढचा सगळा संसार केला.

वरसेला भाताची लावणी आटोपली, तरी सासरहून निरोप आला नाही. आई रोज दारात बसायची. शेजारच्या बायका विचारायच्या, लेक अजून आहे का. आहे का म्हणजे काय ते आम्हा दोघींना कळायचं. शेवटी बाबांनी कंपनीतून रजा घेतली, इस्त्रीचा सदरा घातला आणि म्हणाले, चल, पोहोचवून येतो. वाटेत मला वाटलं, मनात शब्द जुळवत असतील. बाबा पुन्हा एकदा, सगळ्यांसमोर, सावकाश आठवून आठवून सांगतील, आणि या वेळी सासऱ्यांना ऐकावं लागेल. मी जवळजवळ आनंदात होते.

ओटा पुन्हा भरला होता. बाबांना बसायला सांगितलं नाही. सासऱ्यांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, की व्याही, सुनबाई म्हणतात तुम्ही आम्हाला सांगितलं होतं. सांगितलं होतं का नव्हतं?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हात जोडले.

"नाय. सांगायचं राहिलं माझं. चूक झाली. पोरीला पदरात घ्या."

मी काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, पण सासूबाईंनी माझा दंड धरून मला आत नेलं आणि आता बापाला तरी खोटं पाडू नको म्हणाल्या. बाहेर सासऱ्यांनी मोठ्या मनाने माफ केलं. फक्त तेवढी राख पुरून जा म्हणाले, तुमचीच आहे. बाबांनी कुदळ मागितली. इस्त्रीच्या सदऱ्यात गोठ्यामागे त्यांनी खड्डा खणला, राख आणि उरलेले तुकडे त्यात लोटले, वर माती दाबली. कुणी हात लावला नाही. नवरा मदतीला उठला होता, पण सासऱ्यांनी बस म्हटल्यावर बसला. मी स्वयंपाकघराच्या गजांतून सगळं पाहत होते. नंतर चहा दिला त्यांना, कान तुटलेल्या कपात.

निघताना ते मागच्या दारी आले. मी विचारलं, का केलंत असं?

"लाकूड मी निवडलेलं, गो," ते म्हणाले, "घर पण मीच निवडलेलं."

मला त्यांची कीव यायला हवी होती. मला संताप आला. मी दार लावून घेतलं. बाबांनी मला घर मिळवून दिलं, हे खरं. पण त्या घरात मी चिवटपणे जगले ती कायमची उपकृत म्हणून, खोटारडी म्हणून, गुरं मारणाऱ्याची लेक म्हणून. पाहुणा आला की सासरे त्याला गोठा दाखवायचे. खांबांवर थाप मारायचे. असा माल मिळायचा नाही म्हणायचे, आणि लगेच पुढचं. व्याह्याने सांगितलं नाय, नाहीतर माझी म्हैस आणि माझा बैल जाते काय. मी चहा घेऊन तिथेच उभी असायची. हे त्यांनी माझ्या मुलांच्या बारशात सांगितलं, मुलांच्या लग्नांत सांगितलं. बाबा एकदा बारशाला आले होते, तेव्हा त्यांच्या देखत सांगितलं. बाबांनी मान हलवली. त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत. ते वारले तेव्हा मी वरसेला पोहोचेपर्यंत त्यांना नेऊन झालं होतं, अंगणात फक्त चुलत्यांच्या चपला होत्या.

सासूबाई त्यांच्यानंतर गेल्या. सासरे मात्र राहिले. गोठ्यात गुरं येत गेली, मग शेतीच सुटली आणि गुरं यायची बंद झाली. खांब तसेच. त्यांना वाळवी शिवली नाही. आता तिथे मुलाची मोटारसायकल उभी असते.

सासरे श्रावणात वारले. पाऊस असा लागला होता की बांधावरून पलीकडचं दिसत नव्हतं. पडवीतलं सरपण गळतीने भिजून काळं पडलेलं. शेजाऱ्यांकडून आणलं तेही ओलंच. आंब्याचं एक झाड पाडलं, पण ते फोडताना त्यातून पाणी उडत होतं. आम्ही बायका आत होतो. बाहेर पुरुषांची कुजबुज चालली होती की पेटायचं कसं. मग माझ्या चुलत दिराचा आवाज आला. तो म्हणाला, गोठ्याचे आडवे वासे काढू, ते सुके आहेत, कधी भिजतच नाहीत, म्हाताऱ्याचा जीव त्या लाकडावरच होता. दोघंतिघं हो म्हणाले. कुणीतरी कोयता आणायला निघालं.

तेव्हा नवरा बोलला.

"ते नको. ते जाळायचं नसतं. धूर वाईट, राख त्याहून वाईट. माझ्या सासऱ्यांनी तेव्हाच सांगितलेलं."

मी उंबऱ्यात आले. अंगणभर माणसं होती, मधे ताटी बांधून तयार होती. नवरा चुलत दिराकडे बघत होता. आपण काय बोललो ते त्याला अजून कळलं नव्हतं. धूर वाईट, राख त्याहून वाईट. शब्दाला शब्द, बाबा बोलले होते तसेच. इतक्या वर्षांत त्यातला एक शब्द त्याने इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता.

मी विचारलं, "कधी सांगितलेलं?"

आता त्याला कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग ताटीकडे पाहिलं. बाप मेला होता, आता कुणाला भ्यायचं कारण नव्हतं. पण सवय.

"मालावर दोर बांधत होतो," तो म्हणाला, "तेव्हा."

म्हणजे इंजिन चालू असताना त्याला सगळं ऐकू आलं होतं. ओट्यावर माझी तपासणी झाली तेव्हा त्याला माहीत होतं. निडीला गाडी थांबली तेव्हा माहीत होतं. त्याचे डोळे भरले होते ते त्याच कारणाने भरले होते. बाबा इस्त्रीच्या सदऱ्यात खड्डा खणत होते, आणि ज्याच्या एका वाक्याने ते थांबलं असतं तो ओट्यावर बसून बघत होता.

मी तिथे रडले नाही. लोकांना वाटलं असतं सासऱ्यांसाठी रडते. सासऱ्यांना ओल्या आंब्यावर ठेवलं, वर रॉकेल ओतलं. खाडीवरच्या स्मशानशेडमधून माणसं संध्याकाळी परत आली ती खोकत आली. कुणीतरी म्हणालं, म्हातारा काही लवकर पेटेना. मी सगळ्यांना पाणी दिलं.

दुखवट्याला रोज कुणी ना कुणी यायचं. नवरा ओट्यावर बसायचा, बापाच्याच जागेवर, बाप जिथे बसून पाहुण्यांना ती गोष्ट ऐकवायचा तिथेच. पहिला माणूस आला तेव्हा मी चहा ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, यांना सांगा लाकडाचं. त्याला वाटलं मी थट्टा करते. मी तशीच उभी राहिले. पाहुणा एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायला लागला. शेवटी नवऱ्याने मान खाली घालून सांगितलं, की माझ्या सासऱ्यांनी सांगितलं होतं, जाळू नका म्हणून. मी ऐकलं होतं. बापाने पण ऐकलं होतं. मी तेव्हा बोललो नाही.

दुसरा आला, त्यालाही सांगायला लावलं. शेजारणी आल्या त्यांनाही. चुलत दीर म्हणाला, वहिनी, आता पुरे, मेलेल्याची लाज काढू नये. मी त्याला म्हटलं, तू नीट ऐकलंस का, की पुन्हा सांगू दे. मुलं माझ्याशी बोलेनाशी झाली. मुलगी म्हणाली, बाबांची काय दशा केलीस गं. झाली होती दशा, मला दिसत होती. त्याचा आवाज बसला होता. मी त्याला गरम पाणी द्यायचे, औषध द्यायचे, आणि पुढचा माणूस दारात दिसला की म्हणायचे, सांगा.

तेराव्याला माझा भाऊ वरसेहून आला. डोक्यावरची टोपी काढून ओट्यावर बसला. तो चेहऱ्याने हुबेहूब बाबांसारखा झाला आहे. नवऱ्याने त्याला पाहिलं आणि मी काही म्हणायच्या आधीच सगळं सांगितलं, पहिल्यापासून, इंजिनापर्यंत. सांगताना तो रडत होता. भाऊ अवघडला. जाऊ दे, भावोजी, तो म्हणाला, आता काय त्याचं. आणि अगदी बाबांसारखाच हसला.

मी त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हटलं, "हसू नको. बस. आणि परत एकदा ऐक."